माझी कंबर, त्यांच्या पोटऱ्या

गावातल्या बायका मला अजून विचारतात, "बाई, पोट कसं उतरवलं?" मी सांगते. भात सोडला, गोड सोडलं, रोज सकाळी ओढ्याच्या पुलापर्यंत चालत गेले. हे सगळं खरं आहे. पण ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं सांगायला लागले की त्याही गप्प होतात आणि मीही. म्हणून ते लिहून काढते आहे. ज्या घरात म्हातारं माणूस आहे आणि दुसऱ्या कुणाचं पथ्य चालू आहे, त्या घरात हे कुणी वाचलं तर बरं होईल.

मी कुरुंद्याची. इथली अंगणवाडी मी निवृत्त होईपर्यंत चालवली, म्हणून गाव मला बाई म्हणतं. आमच्या ह्यांचं हळदीचं शेत आहे. वयाची सत्तरी ओलांडली तरी ते रोज शेतावर जात होते. एकुलती मुलगी मीना हिंगोलीला दिलेली आहे. घरात आम्ही दोघंच.

*

अंगणवाडी सुटल्यावर वर्षभरातच मला सारखी तहान लागायला लागली. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी यायची. मीनानं हिंगोलीला बोलावून घेतलं आणि एका डॉक्टरांकडे नेलं. आमचे हेही सोबत होते.

साखर वाढलेली निघाली. यकृतावर चरबीही होती. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं वजन तर कित्येक वर्षांत हललेलं नाही."

ते म्हणाले, "मावशी, या वयात काट्यावर भरवसा ठेवू नका. वय झालं की अंगातलं मांस कमी होतं आणि चरबी वाढते. काटा दोन्ही एकत्रच तोलतो, त्याला फरक कळत नाही. उंचीसुद्धा थोडी घटते, म्हणून उंची-वजनाचं गणितही चुकतं. तुम्ही कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याच्या आत आणायची."

त्यांनी टेप घेऊन माझी कंबर मोजली. उंचीच्या निम्म्याहून पुष्कळच जास्त भरली. मग हसत ह्यांना म्हणाले, "काका, या, तुमचीही बघू." ह्यांचे हातपाय बारीक, पण पोट पुढं आलेलं. त्यांचंही माप थोडं जास्त आलं. "काकांनीही जरा सांभाळा," डॉक्टर एवढंच म्हणाले. पथ्याचा कागद त्यांनी मला दिला होता. ह्यांना दिला नव्हता.

परत येताना एसटीत मी पथ्याचा कागद उलगडत नि घडी घालत बसले. माझ्या थोरल्या बहिणीचा पाय साखरेच्या दुखण्यात कापावा लागला होता. तिचा तो गुडघ्याखाली रिकामा पडलेला लुगड्याचा भाग सारखा समोर येत होता. ह्यांनी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "काहून घाबरतीस? आपण दोघं मिळून करू."

*

दोघं मिळून करू, हे वाक्य मी शब्दशः धरलं.

दोन माणसांच्या घरात दोन वेगळे स्वयंपाक कोण करतं? जे मला चालत नाही ते घरात आणायचंच बंद केलं. भात बंद. तळलेलं बंद. दाण्याची चटणी बंद, कारण दाण्यात तेल असतं. दूध फक्त चहापुरतं. दिवस मावळायच्या आत एक भाकरी, पालेभाजी आणि पातळ वरण. शेतावरून आल्यावर ह्यांना भाकरीवर तेल आणि दाण्याचा कूट घेऊन खायची सवय होती. तीही मी मोडली. ते काही बोलले नाहीत. ताटात येईल ते खायचे.

रविवारी आंघोळीच्या आधी मी टेप काढायची. श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप बेंबीच्या वरून सरळ धरायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझी सगळी नोकरीच मापं घेण्यात गेली. आधी माझी कंबर, मग त्यांची. माझं माप उतरायला लागलं तसं त्यांचंही उतरायला लागलं. मला इतका आनंद व्हायचा की मी मीनाला फोन लावायची. "तुझ्या बाबांनी तर मला मागं टाकलं," असं सांगायची. ते खाटेवर बसून हसायचे.

आता मागं वळून बघते तेव्हा सगळं दिसतं. ओसरीवरून उठताना ते चौकटीला हात लावायला लागले. आंघोळीची बादली अर्धी भरून न्यायला लागले. हळद शिजवायच्या दिवसांत दरवर्षी कढईपाशी उभे असायचे, त्या वर्षी बाजेवर बसून नुसतं सांगत राहिले. पायजम्याची नाडी दोनदा आवळावी लागायची. मी म्हणाले, वय झालं. तेही म्हणाले, वय झालं.

एकदा शेजारच्या रुक्मिणबाईनं विचारलं, "बाई, दादांची तब्येत उतरून राहिली का?" मी म्हणाले, "उतरून न्हाई राहिली, आमी उतरवली." आणि अभिमानानं हसले. ते हसणं मला आता आठवलं तरी तोंड फिरवावंसं वाटतं.

*

हे पडले तो दिवस माझ्या तपासणीचा होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली. साखर ताब्यात, यकृत सुधारलेलं. डेपोत आमची गाडी लागली तेव्हा गर्दी होती. मी पटकन वर चढले, खिडकीची जागा धरली आणि शेजारी पिशवी ठेवली. मला केवढं हलकं वाटत होतं. त्या हलकेपणातच मी मागं न बघता चढले. एरवी ते मला पुढं घालून मागून चढायचे, तसंच आज मागून येत असतील असं धरून मी बसले.

बाहेर गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "बाबा पडले, बाबा पडले." मी खिडकीतून वाकून बघितलं तर खाली आमचे हे पडलेले होते. एक पाय पायरीवर चढला होता, पण त्या पायाला अंग वर उचलता आलं नाही. धक्का कुणी दिला नव्हता. घसरायला ओलही नव्हती. नुसता पायात जोर नव्हता.

मी खाली पोचले तेव्हा ते म्हणाले, "पिशवी वर राहिली का?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. हिंगोलीत फोटो काढला आणि त्याच दिवशी नांदेडला हलवलं.

*

ऑपरेशनच्या आधी तपासायला एक डॉक्टरबाई आल्या. वयानं मीनाएवढ्या असतील. त्यांनी ह्यांचा दंड बघितला, बरा होता तो पाय बघितला, मग मला विचारलं, "काका मागं आजारी होते का? वजन घटलंय बरंच."

मी म्हणाले, "आजारी नाही. आम्ही दोघांनी पथ्य करून कमी केलं."

हे मी त्या वेळीही अभिमानानंच म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे आणि अंगठ्याशेजारची बोटं जुळवून कडं केलं आणि ते ह्यांच्या बऱ्या पायाच्या पोटरीला, जिथं ती सगळ्यात जाड असते तिथं घातलं. बोटं भिडली आणि तरी आत पोकळी राहिली.

"माणसानं हे आपल्याच बोटांनी करून बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "माझी बोटं काकांपेक्षा आखूड आहेत, तरी बघा किती जागा उरली. पायावर सूज नसताना एवढी पोकळी राहिली तर समजायचं की मांस कमी झालंय."

"पण पोट तर होतं त्यांना," मी म्हणाले. "टेपनं मोजलं होतं. डॉक्टरांनीच मोजलं होतं."

"होतं ना. माप बरोबरच होतं. पोटावर चरबी आणि पायात मांस नाही, असं या वयात पुष्कळांचं असतं. कंबरेच्या मापावरून चरबीचा अंदाज येतो, मांसाचा येत नाही. त्यासाठी पोटरी मोजायची, दंड मोजायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का ते बघायचं. नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर मांसही जातं. म्हाताऱ्या माणसाचं गेलेलं मांस सहजी परत येत नाही, मावशी."

त्या रागावल्या नव्हत्या. पण दंड मोजायचा, हे शब्द माझ्या कानात अडकून बसले.

माझी सगळी नोकरी दंड मोजण्यात गेली होती. लेकराला मांडीवर घ्यायचं, दंडाच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, हिरवी, पिवळी की लाल ते बघायचं. लाल आली की आईला बाजूला घेऊन समजवायचं. कितीतरी आयांना मी बोलले होते, लेकरू तुमच्या डोळ्यांपुढं वाळून राहिलं आणि तुम्हाला दिसत कसं नाही? त्या खाली मान घालून उभ्या राहायच्या. तेव्हा मला वाटायचं, यांना माया कमी आहे. आता त्या बायका एकेक करून आठवायला लागल्या. माया कमी नव्हती त्यांची. रोज समोर असलेलं माणूस रोज थोडं थोडं उतरत गेलं की ते दिसत नाही, एवढंच होतं.

*

ऑपरेशन नीट झालं. पण ताकद नसल्यामुळं इतर पेशंट उभे राहिले तेव्हा आमचे हे अजून पलंगाच्या कडेशी पाय सोडून बसत होते. सकाळी सिस्टर ड्रेसिंग करायच्या, मग व्यायामवाले सर येऊन पाय उचलायला लावायचे. पाय उचलला जायचा नाही. ह्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि मी पदर पुढं करायची. मीना नांदेडलाच एका नातेवाइकांकडे राहिली होती, दुपारी तिचा डबा यायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीना मला बाहेरच्या कट्ट्यावर घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी तिलाही सगळं सांगितलं होतं.

"आई, मी दिवाळीला आले तेव्हा बाबांनी माझ्या मुलाच्या ताटातली पुरी उचलून खाल्ली होती. तू त्यांच्या हातावर चापट मारली होतीस. आठवतं का?"

आठवत होतं. आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो.

"उपाशी ठेवलंस गं त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी उलट बोलले असते. तीच पुढं म्हणाली, "मी पण फोनवर वाहवा करत होते," आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो तिनं हळूच बाजूला केला. पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

त्याहून अवघड होतं ते वॉर्डातल्या बायकांचं कौतुक. शेजारच्या खाटेवरच्या आजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "बघा, ही बाई मालकाचं किती करून राहिली. हलत न्हाई जागची." त्यांना खरं काय ते सांगावं असं रोज वाटायचं. सांगितलं नाही. कौतुक ऐकून घेतलं आणि बेडपॅन धुवायला गेले.

मग मी एक मूर्खपणा केला. जेवण घशाखाली उतरेना, म्हणून मी डबा ह्यांना भरवायची आणि आपण तसंच राहायची. साखर उतरवायची गोळी मात्र सवयीनं घेत होते. मला आतून बरं वाटायचं, की आता आपणही उपाशी आहोत. एका दुपारी त्यांच्या पलंगाशी उभी असताना अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि मी खाली कोसळले. साखर फार उतरली होती. सिस्टरनं शिरेतून ग्लुकोज दिलं. शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा दिसले ते आमचे हे. पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरून उठायची धडपड करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते पाहिलेलं नव्हतं.

मी बरी झाल्यावर ते म्हणाले, "तू माझ्यासमोर पडली आन मला उठता येईना. आसली तकलीफ मला पुन्ना देऊ नको. माझ्या पायाचं मी बघतो. तू जेव."

त्या दिवसापासून मी वेळेवर जेवते. मनात कितीही टोचत असलं तरी जेवते. स्वतःला उपाशी ठेवून कुणाची भरपाई होत नाही, त्यानं फक्त दवाखान्यातली आणखी एक खाट अडते. हे मला कळायला जमिनीवर पडावं लागलं.

*

घरी आल्यावर गॅसवर दोन भांडी चढायला लागली. माझं पातळ वरण एका भांड्यात, त्यांचं घट्ट दुसऱ्यात. त्यांच्यासाठी दूध, दही, दाणे, उसळी. नांदेडच्या आहारवाल्या बाईंनी अंडी सांगितली होती. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं, सासूबाई होत्या तेव्हा त्यांना चालायचं नाही. मी अंगणात वेगळी चूल मांडली आणि पातेल्यात अंडी उकडली. पहिल्या वेळी किती वेळ ठेवायची ते कळेना. फुटून पाण्यात पसरली. ह्यांनी ती तशीच चमच्यानं खाल्ली.

खाण्याइतकाच व्यायाम लागतो, हे तिथंच समजलं. नुसतं खाऊन पुन्हा पोटच वाढेल, असं व्यायामवाल्या सरांनी बजावलं होतं. आधी वॉकर धरून अंगणात फेऱ्या, मग खुर्चीवरून उठणं-बसणं. सुरुवातीला मी काखेत हात घालून उठवायची. मग नुसता हात धरायचा. कित्येक महिन्यांनी एकदा ते हात न टेकता उठले आणि लगेच धप्पकन बसले. "झालं का बराबर?" असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

मी आता महिन्यातून एकदा मापं घेते, कंबर आणि पोटरी दोन्ही, आणि दोघांचीही. माझ्याही पोटऱ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्याही फार चांगल्या नाहीत, म्हणून त्यांच्याबरोबर मीही खुर्चीवरून उठबस करते. तुमच्या घरात कुणी वयस्कर माणूस वजन कमी करत असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, एवढंच माझं सांगणं आहे. पोट उतरलं म्हणून पेढे वाटायच्या आधी माणूस जमिनीवरून कसा उठतो ते बघा. आणि एकाचं पथ्य दुसऱ्याच्या ताटात वाढू नका.

ते आता काठी घेऊन चालतात. शेतापर्यंत जातात, पण बांधावरून आत उतरत नाहीत. शेत वाट्यानं दिलं आहे. गाडीत चढताना मी आता मागं असते.

मीना पूर्वीसारखी बोलते, पण जेवायला बसली की आधी बाबांच्या ताटात काय वाढलंय ते बघते. बघू दे. तिनं बघायलाच पाहिजे.

*

एक गोष्ट मी त्यांना खूप दिवस विचारली नव्हती. उत्तराची भीती वाटत होती. मागच्या थंडीत एकदा सकाळी मी भाकरी थापत होते आणि ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले होते. मी पाठमोरीच होते, म्हणून विचारता आलं.

"तुमाला भूक लागत होती का हो तवा?"

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "लागत होती."

"मग बोलला काहून न्हाई?"

"बोललो असतो तर तू माझ्यासाठी दाणे आणले असते, भात टाकला असता. घरात आलं की तुझाही हात गेला असता. मला ठाव हाय तुझा हात." ते जरा हसले. "तुझ्या बहिणीला बघायला गेलतो तवा तू तिच्या पायाकडं बघत न्हवतीस. मला ते दिसत होतं. म्हनलं, खाऊ काही दिवस कमी. माझं काय बिघडायलंय."

म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं हे खरंच होतं, पण त्यांना ते माहीत होतं. माझी साखर उतरत होती, माझा पाय शाबूत राहत होता, त्याच्या बदल्यात ते रोज ताटावरून अर्धपोटी उठत होते. मी चुकून केलं होतं. त्यांनी जाणून केलं होतं. मला वाटलं होतं, विचारल्यावर थोडं हलकं होईल. झालं नाही. माझी दोन्ही पावलं जमिनीवर शाबूत होती. त्या पावलांकडे मी बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येऊन ती दिसेनाशी झाली.

"बोलायला पाहिजे होतं तुमी," मी म्हणाले.

"पाहिजे होतं," ते म्हणाले. "आता बोलतो की. तव्यावरची भाकरी करपून राहिली."

मी भाकरी उलटली. एक बाजू काळी झाली होती. ती मी माझ्या ताटात टाकायला निघाले, तर त्यांनी आपलं ताट पुढं केलं. "ही मला दे," ते म्हणाले, "आन तिच्यावर तेल टाक जरा."

मी तेल टाकलं. त्यांनी हातानं थांब म्हणेपर्यंत टाकलं.